शेंदूर लावलेली झडप

माझ्या आयुष्यात मी जेवढा शेंदूर वापरला तेवढा एखाद्या मारुतीच्या गुरवानंही वापरला नसेल. कल्याणच्या बाजारात एक वाणी होता. मी दुकानाच्या पायरीशी उभा राहिलो की तो विचारायचा, "काय मिस्त्री, आज कोणत्या मारुतीला?" मी दर वेळी त्याला सांगायचो की हा शेंदूर इंजिनासाठी आहे, आणि तो दर वेळी हसायचा. शेवटी मी सांगणं सोडून दिलं. लोकांना एकदा विनोद सापडला की तो त्यांच्या तोंडून काढून घेणं माझ्या बापाला जमलं नसतं.

मी रेल्वेच्या कारखान्यात फिटर होतो. एकोणिसावं शतक सरत आलं होतं, माझी तिशी उलटली होती, आणि स्वभाव होता तसाच होता. म्हणजे लोक मला तापट म्हणत आणि मी लोकांना वेंधळे म्हणे. थोरली बहीण ठाण्याला नौपाड्यात दिलेली. तिच्या दारावर चेंदणीच्या कोळीवाड्यातली एक तांडेलीण मासळी घेऊन यायची. तांडेल म्हणजे मचव्याचा मुख्य, सुकाणू धरणारा. ही त्याची बायको. एके दिवशी ती टोपली उतरवता उतरवता बहिणीला म्हणाली, "बाय, आमचे मचव्यान इंजान पडलंय. त्याला चालता करनारा कोन नाय." झालं. भावाची फुशारकी मारायची एवढी नामी संधी बहीण थोडीच सोडणार? मला न विचारता तिनं माझ्या वतीनं होकार देऊन टाकला.

रजा काढून मी गेलो तेव्हा आषाढ निम्मा सरला होता. कोळीवाड्यातले सगळे मचवे किनाऱ्यावर ओढून वर झावळ्या शाकारून ठेवलेले. तांडेलाच्या मचव्यात मात्र मधली फळी कापून एक लहान वाफेचं इंजिन बसवलेलं होतं. मुंबई बंदरातली एक आगबोट मोडीत निघाली, तिचं हे. बॉयलर ठीक होता. इंजिनाकडे पाहून मात्र मला शिव्या आठवल्या.

तांडेल पन्नाशीचा, रुंद छातीचा, पण उजवा हात बाजूला नुसता लोंबत असलेला. आदल्या वर्षी वादळात शिडाचा आडवा वासा तुटून खांद्यावर पडला होता. त्यानं गोष्ट दोन वाक्यांत संपवली. "शीड ओढाला दोन हात लागतान, मिस्तरी. सुकानू धराला एक पुरतं."

बाकीचं बहिणीकडून कळलं. नारळी पौर्णिमेला मचवे पुन्हा पाण्यात जातात. घरात असं ठरलं होतं, की त्या दिवशी इंजिन चाललं तर तांडेल सुकाणूवर बसेल. नाही चाललं तर इंजिन उपसून टाकायचं, पुन्हा शीड चढवायचं आणि सुकाणू पुतण्याच्या हाती द्यायचं. पुतण्या गुणी होता, काकावर जीव टाकणारा होता, म्हणून तर गोष्ट अवघड होती. भांडण असतं तर तांडेल भांडला असता. इथे त्याला फक्त ओट्यावर बसून इतरांचे मचवे जाताना बघावे लागणार होते, जन्मभर.

आता इंजिनाचं दुखणं काय ते सांगतो. वाफेच्या सिलिंडरात एक दट्ट्या मागे-पुढे सरकतो. त्याला कधी या बाजूनं, कधी त्या बाजूनं वाफ मिळावी म्हणून शेजारच्या पेटीत एक झडप असते. ओतीव लोखंडाची, पालथ्या डब्यासारखी, आपल्या बैठकीवर सरकत राहणारी. बैठकीत वाफेच्या खाचा असतात. झडप त्या उघडते आणि झाकते. झडप आणि बैठक एकमेकींना सगळीकडून चिकटून बसल्या तर इंजिन चालतं. नाहीतर वाफ मधूनच पळते आणि इंजिन नुसतं फुसफुसतं. या इंजिनात खाऱ्या पाण्यानं दोन्ही खाऊन टाकल्या होत्या. वर सिलिंडरचं झाकण कुणीतरी वेडंवाकडं आवळून बसवलेलं. त्याच्या सांध्यातून वाफ बाहेर.

झाकण उतरवायलाच दोन दिवस गेले. नट गंजून एकजीव झाले होते. एकेकाला गरम तेल पाजून, पान्यानं थोडं इकडे, थोडं तिकडे करत सोडवले. तीन तुटले. मी तोंडानं काय काय बोललो ते तांडेलानं ऐकलं आणि म्हणाला, "तू आमच्यातलाच हायस."

मग सुरू झालं खरवडणं. जुन्या कानशीला धार लावून मी एक पटाशी केली होती. काम असं: शेंदूर तेलात खलायचा, बैठकीवर बोटानं अगदी पातळ फासायचा, झडप त्यावर घासायची आणि उलटी करून पाहायची. जिथे लाल ठिपका लागला तिथे उंचवटा. तेवढाच खरवडायचा. पुन्हा शेंदूर, पुन्हा घासणं, पुन्हा खरवडणं. सुरुवातीला दोन-तीन ठिपके उठतात. पाऊण दिवसानं पाच-सहा. सगळ्या तोंडावर गोवर आल्यासारखे ठिपके उठले की समजायचं जमलं. घाई करणाऱ्याचं हे काम नव्हे, आणि मी तापट असलो तरी या कामात मला कधी राग आलेला नाही. लोखंड खोटं बोलत नाही, वाद घालत नाही. जिथे उंच आहे तिथे उंच आहे.

तांडेलीण येता-जाता बघायची. शेंदराच्या वाटीकडे बघायची, माझ्या लाल बोटांकडे बघायची, काही बोलायची नाही. मला वाटलं, बाई समजूतदार आहे.

श्रावण लागला. झडपेचं तोंड जवळजवळ सपाट झालं होतं. झाकणासाठी नवे बोल्ट करून आणायला मला कल्याणला जाणं भाग होतं. झडप मचव्यात ठेवली असती तर पावसात गंजली असती, म्हणून मी ती तांडेलाच्या पडवीत आणली. जमिनीवर ओल होती, तेव्हा तिथलाच एक पाट घेतला आणि त्यावर झडप ठेवली, तोंड वर करून. गंज चढू नये म्हणून तेलातला शेंदूर तिच्यावर चांगला जाड फासला. आणि गाडी पकडली. तो शनिवार होता हे माझ्या गावीही नव्हतं.

संध्याकाळी बोल्ट घेऊन परत आलो तर पडवीत ऊद जळतोय. पाटाभोवती रांगोळी. झडपेवर रुईच्या पानांची माळ, फुलं, आणि माझ्या शेंदरावर आणखी बोटभर शेंदूर. समोर खोबऱ्याचे तुकडे. तांडेलीण शेजारी मांडी घालून बसलेली.

मी म्हणालो, "अहो बाई, हे काय केलंत? हा देव नाही. ही इंजिनाची झडप आहे."

"शेंदूर तूच लावलास ना?"

"लावला."

"पाटावं तूच ठेवलास ना? न् तो बी शनवारचा?"

"ठेवला."

"मंग देव नाय त काय?"

तिच्या जागी मी असतो तर मलाही तसंच वाटलं असतं. लोखंडाला शेंदूर फासून, पाटावर मांडून, श्रावणी शनिवारी घराबाहेर पडणारा माणूस दुसरं काय करत असेल? मी हसलो आणि झडप उचलायला वाकलो. तिनं माझा हात धरला.

"आज नाय हात लावाचा."

"बरं, उद्या."

"उंद्या बी नाय."

मला राग आला. पौर्णिमा तोंडावर आलेली, झडप बसवायची बाकी, झाकण बाकी, आणि ही बाई देवाला राखत बसलेली. दुसऱ्या दिवशी सकाळी गेलो तर ती तिथेच. तांडेल बाहेर ओट्यावर बसून आपल्या बायकोला समजावण्याचं काम माझ्यावर टाकून मोकळा झालेला. मी जरा चढ्या आवाजात म्हणालो, "तुमच्या नवऱ्याला सुकाणूवर बसवायचंय की नाही? बसवायचं असेल तर ही झडप मला द्या. देव रुसला तर माझ्यावर रुसू दे."

तिनं ओट्याकडे पाहिलं, मग मला आत चुलीपाशी बोलावलं. आवाज एकदम खाली गेला. "नारल फोडला ना, तवा पाट कलंडला. त्यो खाली पायरीवं आपटला." आणि पदराची गाठ सोडून तिनं माझ्या हातावर एक लोखंडाचा तुकडा ठेवला. बोटाच्या पेराएवढा. "मना वाटला, देवानं नाय म्हनला. यांना पान्यान जाऊं नको म्हनला. यांना कलला त ह्ये हाय खाऊन सोडतील, मिस्तरी. इंजानाला हात बी नाय लावाचे परत."

ओतीव लोखंडाचं मडक्यासारखंच असतं. आग सोसेल, आपटणं सोसत नाही. मी पडवीत जाऊन माळ बाजूला केली, शेंदूर बोटानं पुसला. झडपेची एक कड कोपऱ्यापासून तुटली होती. तिनं शेंदरानं ती जागा भरून काढली होती आणि वर फुलं ठेवली होती. म्हणून राखण.

मला तिची चीड यायला हवी होती. आली नाही. डोळ्यांसमोर आला तो ओट्यावर बसून राहिलेला तांडेल. अशी झडप नवी ओतून घ्यायची म्हणजे दिवाळी उजाडली असती.

मी झडप मांडीवर घेतली आणि तुटलेल्या कडेवरून बोट फिरवलं. तिच्या कडा खाचांच्या थोड्या बाहेर आलेल्या असतात, मुद्दाम. त्यामुळे वाफ जरा आत शिरली की खाचेचं दार लवकर बंद होतं आणि कोंडलेली वाफ फुगून उरलेलं काम करते. थोड्या लाकडात जास्त काम. आता तुटल्या जागेपर्यंत ती अख्खी कड कानशीनं सरळ कापली, आणि समोरची कडही तेवढीच कापली, तर दार उशिरा बंद होईल. इंजिन हावरट होईल, दुप्पट लाकूड खाईल, धापा टाकेल. पण चालेल.

मी तिला हे सांगितलं. बाकी काही तिला समजलं असेल-नसेल, पण कानस हा शब्द बरोबर समजला.

"देवाला कानस लावनार?"

"बाई, देवळातल्या मारुतीचं शेंदराचं कवच जड होऊन निघतं, तेव्हा काय करता?"

"खाडीन सोडताव."

"मग हेही कवचच समजा. जेवढं निघेल तेवढं तुम्ही गोळा करा आणि खाडीत सोडा."

तिनं उठून केळीचं पान आणलं, माझ्यासमोर पसरलं आणि बसली. मी कानस चालवू लागलो. लोखंडाचा लाल-काळा चुरा पानावर पडत होता आणि ती एक कणही जमिनीवर जाऊ देत नव्हती. पुढचे चार-पाच दिवस आमचं असंच चाललं. शेंदूर लावला की ती हात जोडी, मी खरवडलं की ती पान पुढे करी. कारखान्यातल्या कुणी हे पाहिलं असतं तर मला नोकरी सोडावी लागली असती. तुकडा मात्र तिनं पानावर ठेवला नाही. तो तिच्या पदराला बांधलेला राहिला.

"यांना नको सांगू," ती रोज एकदा म्हणे. मी रोज एकदा हो म्हणे. तांडेल रोज विचारी, "जमंल ना?" त्यालाही मी हो म्हणे. आणि बहिणीच्या घरी परतलो की तिच्यावर डाफरे, कारण कुणावर तरी डाफरायला हवं होतं.

झडप बसली. सिलिंडरचं आणि झडपेच्या पेटीचं झाकण लावताना तागाची दोरी शेंदरात आणि जवसाच्या तेलात भिजवून सांध्यात घातली, नट समोरासमोरचे थोडे थोडे आवळत नेले, सगळी फेरी पुरी करून पुन्हा पहिल्यापासून. हा सांधा सुकायला दम लागतो. वाफ धरून पाहायला दिवस उरला नाही. इंजिन पहिल्यांदा चालणार की नाही हे पौर्णिमेच्या दिवशीच, सगळ्या कोळीवाड्यासमोर कळणार होतं.

भरतीला मचवे पाण्यात लोटले. वाजंत्री, नवी लुगडी, सोनेरी कागदात गुंडाळलेला नारळ. तांडेल डाव्या हातानं सुकाणू धरून बसला. पुतण्या शिडाची दोरी खांद्यावर टाकून काठावर उभा. त्याचा चेहरा पाहून मला कळलं, की इंजिन चालावं असं त्यालाही वाटत होतं. बॉयलरमध्ये वाफ तयार होती. मी हात जोडले नाहीत, पण जोडावेसे वाटले हे खरं.

वाफ सोडली. इंजिन एकदा हललं आणि अडकलं. पाणी साचलं होतं. खालचे नळ उघडले, गरम पाण्याचा फवारा माझ्या पायावर आला, वाजंत्री थांबली. तांडेल माझ्याकडे बघत नव्हता, समोर खाडीकडे बघत होता. मी इंजिनाच्या चाकाला हातानं ढकलून अर्धा फेरा दिला आणि पुन्हा वाफ सोडली. या वेळी दट्ट्या गेला, परत आला, पुन्हा गेला. झाकणातून वाफेचा धागासुद्धा बाहेर आला नाही. इंजिनानं दम्याच्या माणसासारखा आवाज काढला आणि मचवा सरकला.

तांडेलानं सुकाणू वळवलं. एका हातानं.

पाच मिनिटांत, मचवा अजून काठाशीच फिरत असताना, मी ओरडलो, "लाकडं आणा!" कारण आणलेली लाकडं इंजिनानं बघता बघता खाल्ली होती. पुतण्यानं शिडाची दोरी टाकली आणि कमरेइतक्या पाण्यातून लाकडाचा भारा डोक्यावर घेऊन आला. त्या दिवशी तो शेवटपर्यंत इंजिनाच्या तोंडात लाकडं घालत राहिला आणि हसत राहिला. खाडीच्या मध्यावर तांडेलानं नारळ डाव्या हातानंच पाण्यात सोडला. तांडेलीण काठावर बायकांत उभी होती. तिचा एक हात पदराच्या गाठीवर होता.

तो मचवा पुढे पुष्कळ वर्षं चालला. ठाण्याहून कल्याणपर्यंत भरतीबरोबर यायचा, मिठागरांच्या होड्या ओढायचा. इतर आगबोटवाले त्याच्या लाकडाच्या खर्चाला हसत, पण भरलेली होडी जागची हलवायची असली की त्यालाच बोलावत, कारण झडप उशिरा बंद होत असल्यानं जोर दांडगा होता. तांडेलाला कुणी खर्चाबद्दल छेडलं तर तो म्हणायचा, "खाऊं दे. काम बी करतं ना?" इंजिन एवढं का खातं, हे त्यानं मला कधी विचारलं नाही. मला वाटे, त्याला त्यात रस नसावा.

मग एकदा तो कल्याणला माझ्या घरी आला. आता म्हातारा झाला होता, डोळे अधू झाले होते. मचवा पुतण्याकडे जाणार होता आणि त्यात नवं इंजिन बसणार होतं. जुनं भंगारात. चहा पिऊन झाल्यावर म्हणाला, "त्यो देव काढून तिला दे. तू आपल्या मनानं देतंस असा दाखव. माजा नाव नको घेऊस."

मी विचारलं, "तुम्हाला ठाऊक होतं?"

"पायरीवं आपटला तवा मी ओट्यावंच होतो."

"मग तिला का नाही सांगितलंत इतक्या वर्षांत?"

"सांगितला असता त ती जाऊं देती का? मना ठावं हाय असा कलला असता त म्हनली असती, देवानं दोगांच्याम्होरं नाय म्हनला." त्यानं कप खाली ठेवला. "ती मना पान्यान जाऊं दे म्हनून गप होती. मी बी त्याच्यासाटींच गप होतो."

मी पुढच्या रविवारी ठाण्याला गेलो. झडपेच्या पेटीचं झाकण उघडायला मला माझाच सांधा फोडावा लागला. शेंदूर दगडासारखा झाला होता. झडप काढली, रॉकेलनं पुसली आणि पडवीत नेऊन तिच्यासमोर ठेवली. म्हणालो, भंगारात घालायचं मन होईना.

ती आत गेली आणि देव्हाऱ्यातून तो तुकडा घेऊन आली. वर्षानुवर्षांच्या शेंदरानं तो लिंबाएवढा झाला होता. तिनं तो झडपेच्या कोपऱ्याशी नेऊन धरला. बसला नाही. मी ती कड सरळ कापली होती ना. तुकड्याचं तुटलेलं अंग आणि झडप यांच्यामध्ये फट राहत होती. ती दोन-तीनदा फिरवून बघत राहिली. मग वाटीतला शेंदूर बोटावर घेऊन तिनं फट भरली, अंगठ्यानं दाबली आणि हात काढला. तुकडा राहिला.

तांडेल ओट्यावर खाडीकडे तोंड करून बसला होता, हाताच्या अंतरावर. तिनं त्याच्या पाठीकडे पाहिलं आणि हळू आवाजात मला म्हणाली, "यांना नको सांगू, मिस्तरी."

"नाही सांगत," मी म्हणालो.

तांडेलानं मान वळवली नाही.